सर्व्हो बदलला, तरी ट्रिम पुन्हा सरकला

रिमोटवर उडणारी मोठी मॉडेल विमानं बाळगणाऱ्यांची ही तक्रार ठरलेली असते. एलेरॉनचा (पंखाच्या मागच्या कडेची हलणारी फळी) ट्रिम, म्हणजे स्टिक मोकळी असताना तिने थांबायची जागा, नीट बसवला, दोन-चार लँडिंग झाली आणि विमान पुन्हा डावीकडे कलायला लागलं. पुन्हा ट्रिम, पुन्हा कलणं. मग सर्व्होवर, म्हणजे ती फळी हलवणाऱ्या छोट्या मोटरवर, संशय येतो, नवा सर्व्हो बसतो, थोडे दिवस बरे जातात आणि परत तेच. काहींच्या विमानात एकाच पंखातल्या सर्व्होचे गिअर वारंवार तुटतात. दुसऱ्या पंखातला तस्साच सर्व्हो त्याच बॅटरीवर मजेत चाललेला असतो. खरं तर उत्तर तिथेच मिळालेलं असतं. सर्व्हो एकाच जातीचा, वीज तीच, सिग्नल तसाच. मग फरक उरला तो सर्व्होच्या बाहेर, म्हणजे आर्म (सर्व्होच्या दांड्यावरची पट्टी), तिथून निघणारा रॉड, हॉर्न (एलेरॉनवर उभा असलेला खुंट) आणि बिजागरी या वाटेत.

हे सगळं साधारण २ मीटर किंवा त्याहून मोठ्या पंखाच्या, पेट्रोल इंजिनच्या लाकडी मॉडेलबद्दल आहे. फोमच्या छोट्या विमानाला यातलं निम्मं लागूही पडणार नाही. तिथे हवेचा जोर कमी आणि इंजिनचा थरथराटही नाही.

आधी दुखणं कोणतं ते ठरवा

"ट्रिम सरकतो" या एका वाक्याखाली निदान चार वेगळी दुखणी येतात. जमिनीवर, इंजिन बंद ठेवून, ट्रान्समीटरची (हातातल्या रिमोटची) स्टिक पूर्ण डावीकडे न्या आणि हळूच मध्यावर आणा. एलेरॉनची मागची कड कुठे थांबली तिथे शेजारी पट्टी धरून बारीक खूण करा. मग उजवीकडून तसंच करा. दोन खुणा वेगळ्या आल्या तर कुठेतरी घासतंय किंवा कुठेतरी ढिलं आहे, बहुतेक वेळा दोन्ही.

खुणा तंतोतंत जुळल्या, पण वेग वाढला की विमान कलतं, असं असेल तर हवेच्या दाबाखाली काहीतरी वाकतंय किंवा सर्व्होला जोर पुरत नाहीये. जमिनीवरच मध्यबिंदू हळूहळू सरकत असेल तर आर्म, त्याचा स्क्रू आणि सर्व्होखालचं लाकूड बघा. आणि इंजिन चालू असतानाच सरफेस, म्हणजे एलेरॉनसारखा हलणारा भाग, आपोआप फडफडतो, बंद केलं की शांत, असं असेल तर मात्र सर्व्होला स्वतःची जागा सांगणाऱ्या आतल्या पोटेन्शिओमीटरवर संशय घ्यायला हरकत नाही. त्याबद्दल शेवटी.

बोटाने चाचपा

रिसिव्हर (विमानातला रेडिओ) चालू ठेवा म्हणजे सर्व्हो आपली जागा धरून राहील. आता हॉर्नच्या सरळ रेषेत मागची कड दोन बोटांत धरून हलकेच वर-खाली करा. जोर लावायचा नाही, नुसता ढिलेपणा संपेपर्यंत हलवायचं. दुसऱ्या हाताचं बोट एकेका जोडावर ठेवा, अर्धं एका भागावर आणि अर्धं दुसऱ्यावर: हॉर्न आणि बॉल लिंक (रॉडच्या टोकाचा गोळ्याचा सांधा), बॉल लिंक आणि आर्म, आर्म आणि सर्व्होचा दांडा, सर्व्होची पेटी आणि प्लायवुड. जिथे दोन भाग एकमेकांपासून वेगळे हलतात तिथे ते बोटाला लगेच कळतं. डोळ्यांना ०.२ मिमी दिसत नाही, बोटाला जाणवतं.

आणि ०.२ मिमी म्हणजे किरकोळ नव्हे. चांगल्या सर्व्होच्या गिअरमध्येही अर्ध्या अंशाचा ढिलेपणा असू शकतो. आर्म २५ मिमीचा असेल तर आर्मच्या टोकाला तो साधारण ०.२ मिमी होतो. हॉर्नही २५ मिमीचा आणि एलेरॉनची रुंदी १२० मिमी धरली तर मागच्या कडेला तो झाला १ मिमी. आता क्लेव्हिसची (रॉडच्या टोकाचा चिमटा) पिन आणि हॉर्नचं भोक यांत आणखी ०.२ मिमी फट असेल तर अजून १ मिमी. बघायला गेलं तर दोन्ही भाग ठीकठाक, पण कड २ मिमी, म्हणजे जवळपास १ अंश, मोकळी हलते. हवा तिला त्या १ अंशात कुठेही नेऊन ठेवते आणि आपण ट्रान्समीटरवर ट्रिमचं बटण दाबत बसतो. एवढ्या रुंदीच्या एलेरॉनला एकूण १ मिमीच्या आसपास ढिलेपणा मी चालवून घेतो, २ मिमी असेल तर ते विमान उडवत नाही.

नायलॉनच्या हॉर्नमध्ये धातूची क्लेव्हिस हे छोट्या विमानाचं सामान आहे. पेट्रोल इंजिनच्या थरथराटात भोक लांबट होतं, आणि एकदा लांबट झालं की झपाट्याने वाढतं. दोन्ही टोकांना बॉल लिंक, आरपार ३ मिमीचा बोल्ट आणि नायलॉकचा (आपोआप सैल न होणारा) नट, हेच मोठ्या मॉडेलला शोभतं. बॉल लिंक दोन पट्ट्यांच्या हॉर्नमध्ये मधोमध बसली तर उत्तम. एकाच बाजूला, लांब स्पेसर लावून लटकवली की जोर पडताना ती आर्मला पिळते, आणि हा पीळ वरून बघताना ढिलेपणासारखाच दिसतो. एका बाजूला लावावीच लागली तर बाहेरून मोठा वॉशर घाला. बॉल निसटला तरी लिंक हातची जात नाही.

पुशरॉड (आर्म आणि हॉर्न जोडणारा रॉड) बघायचा असेल तर कड घट्ट धरून साथीदाराला स्टिक हलवायला सांगा आणि रॉडच्या लांबीतून नजर टाका. ओढताना सगळेच रॉड सरळ दिसतात. ढकलताना बारीक रॉड धनुष्यासारखा वाकतो. लांबी दुप्पट झाली तर वाकण्याआधी तो पेलू शकेल असा जोर चौपट कमी होतो, म्हणून रॉड शक्य तितका आखूड आणि सरळ ठेवा. लांब ठेवणं भागच असेल तर कार्बनची नळी किंवा जाड टर्नबकल (दोन्ही टोकांना आटे असलेला रॉड) वापरा.

बिजागऱ्या

लिंकेज (आर्म ते हॉर्नची जोडणी) सोडवा आणि पंख असा धरा की एलेरॉन खाली लोंबेल. ते स्वतःच्या वजनाने सहज पडलं पाहिजे. मध्येच अडकलं किंवा मध्याकडे परत उसळलं तर बिजागऱ्या एका रेषेत नाहीत. चार-पाच बिजागऱ्यांपैकी एक अर्धा मिलिमीटर वर-खाली बसली तरी पुरे. सर्व्हो दिवसभर तिच्याशी झगडत राहतो, मध्यावरही गुणगुणतो आणि नेमक्या जागी कधीच परतत नाही. वंगण घालून हे सुटत नाही. ती एक बिजागरी कापून काढायची आणि नव्याने बसवायची.

बसवताना सगळ्या बिजागऱ्या आधी गोंद न लावता बसवून रेषा तपासा. सांधा एलेरॉनच्या पुढच्या व्ही-आकाराच्या टोकापर्यंत आत गेला पाहिजे, म्हणजे फिरण्याचा अक्ष आणि ते टोक एकाच रेषेत येतात आणि फट कमी राहते. सांध्याला व्हॅसलीनचा ठिपका लावा, दांडे सँडपेपरने खरखरीत करा आणि ३० मिनिटांचं इपॉक्सी वापरा. पाच मिनिटांचं वापरलं तर पाचवी बिजागरी सरळ करेपर्यंत पहिली घट्ट झालेली असते. इपॉक्सी ओलं असतानाच सरफेस दोन-चारदा पूर्ण वर-खाली फिरवून घ्या.

हॉर्नचं भोक बिजागरीच्या अक्षाच्या बरोबर वर हवं. ते ४-५ मिमी मागे गेलं तर सारख्याच स्टिकला एलेरॉन वर आणि खाली वेगवेगळं फिरतं, आणि मग लोक तो फरक ट्रान्समीटरमधल्या मिक्स सेटिंगने झाकतात. झाकू नका, हॉर्न हलवा.

फट बुजवणं हे सौंदर्याचं काम समजून बरेच जण सोडून देतात. फटीतून हवा गळली की तेवढाच परिणाम मिळवायला सरफेस जास्त फिरवावा लागतो. एलेरॉन पूर्ण वर उचलून धरा आणि खालच्या खाचेत पारदर्शक कव्हरिंग फिल्मची पट्टी आतून चिकटवा.

सर्व्होखालचं लाकूड

सर्व्होच्या स्क्रूभोवतीच्या रबरी ग्रोमेटमधली पितळी नळी कोणत्या बाजूने घालायची यावर इतकी विमानं चुकलेली दिसतात की आश्चर्य वाटावं. तिची रुंद कड लाकडाकडे असली पाहिजे. उलटी घातली तर ती कड स्क्रूच्या डोक्याखाली येते, बारीक टोक लाकडात रुतत जातं, रबर चेपतं आणि सर्व्हो काही उड्डाणांनी बसलेल्या जागेपासून सरकतो. नळी बरोबर असेल तर स्क्रू नळीवर आवळला जातो आणि रबराला जेवढी मोकळीक हवी तेवढीच मिळते.

स्क्रू सैल होत असतील तर ते काढा, भोकात पातळ सीए गोंदाचे (सुपरग्लू) दोन थेंब टाका, पूर्ण वाळू द्या आणि मग परत लावा. सर्व्हो पंखाखालच्या झाकणावर बसवलेला असेल तर झाकणाच्या मधोमध अंगठ्याने दाबून बघा. पातळ प्लायवुड दबतं. सर्व्हो पूर्ण जोर लावतो तेव्हा तेच घडतं, फक्त बंद पंखाच्या आत आणि कुणाला न दिसता. आडवी लाकडी पट्टी चिकटवली की काम होतं.

आर्मची लांबी, खरं दुखणं इथे

माझ्या मते निम्म्याहून जास्त तक्रारी इथे सुटतात, आणि नेमकी हीच गोष्ट कुणी तपासत नाही, कारण विमान तर व्यवस्थित वळत असतं.

ट्रान्समीटरमध्ये एलेरॉनचा एंड पॉइंट, म्हणजे सर्व्हो किती टक्के फिरेल ही मर्यादा, बघा. तो ४५-५० टक्क्यांवर असेल तर थांबा. याचा अर्थ आर्म गरजेपेक्षा लांब आहे आणि जास्तीची हालचाल तुम्ही ट्रान्समीटरमधून कापताय.

आकड्यांत बघू. हॉर्न ३० मिमी, एलेरॉन साधारण २६ अंश फिरवायचं आहे. सर्व्हो १०० टक्क्यांना ४५ अंश फिरतो असं धरा. आर्म १९ मिमीचा घेतला तर तो पूर्ण ४५ अंश फिरून रॉड साधारण १३.४ मिमी सरकवतो आणि एलेरॉन २६ अंशांच्या थोडं पुढे जातं. आर्म ३८ मिमीचा घेतला तर तेवढीच सरक २१ अंशांतच होते, मग एंड पॉइंट ४६ टक्क्यांवर आणावा लागतो. बाहेरून दोन्ही विमानं सारखीच दिसतील.

आता जोर बघा. सर्व्हो २० किलो-सेमीचा आहे, म्हणजे अक्षापासून १ सेमीवर २० किलोचा जोर. आखूड आर्मने एलेरॉनच्या अक्षावर मध्यावर साधारण ३१ किलो-सेमी मिळतात, आणि आर्म तिरका होत गेल्यामुळे पूर्ण फिरवल्यावर ते ४० पर्यंत जातात. लांब आर्मने मध्यावर १६ च्या आसपास आणि पूर्ण फिरवल्यावर १५. सर्व्हो तोच, पैसे तेवढेच, आणि जिथे हवा सगळ्यात जोरात ढकलते तिथे एका मांडणीत दुसरीच्या अडीचपट ताकद.

गरज किती असते? ६० सेमी लांब आणि १० सेमी रुंद एलेरॉन, वेग सेकंदाला ४० मीटर, म्हणजे ताशी १४४ किमी, आणि २५ अंश फिरवलेलं. ढोबळ हिशेबाने १८ किलो-सेमीच्या आसपास जोर लागतो. लांब आर्मवाला तिथेच हरला. मान टाकून विमान झेपावलं आणि वेग दीडपट झाला तर गरज सव्वादोनपट होते, कारण हवेचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. शिवाय सर्व्होच्या खोक्यावर लिहिलेला आकडा स्टॉलचा असतो, म्हणजे मोटर अडून उभी राहते त्या क्षणाचा. त्याच्या जवळ सर्व्हो सतत चालवला तर तो तापतो.

ढिलेपणाचंही तसंच. लांब आर्मने सर्व्होच्या गिअरमधला तोच अर्धा अंश कडेवर दुप्पट मोठा होऊन दिसतो, आणि स्टिकच्या बारीक हालचालींचे टप्पेही अर्धे होतात. तेव्हा आधी सर्व्होच्या टोकाच्या बाजूने कमी करा: रॉड आर्मच्या आतल्या भोकात घ्या, एंड पॉइंट १०० टक्क्यांवर किंवा थोडा वर न्या, आणि हवी तेवढीच हालचाल मिळेपर्यंत भोक बदला. थ्रीडी (टोकाच्या कसरतींच्या) उड्डाणासाठी ४५ अंशांची हालचाल हवी असेल तर लांब आर्म लागणारच. तिथे मग हॉर्नही लांब घ्या आणि जोरकस सर्व्होला पर्याय नाही.

आर्मची दिशाही बघा. स्टिक मध्यावर असताना आर्म रॉडला काटकोनात हवा. स्प्लाइनच्या (सर्व्होच्या दांड्यावरच्या) दातांमुळे नेमका बसत नसेल तर जवळच्या दातावर लावून उरलेला फरक सबट्रिमने (मध्यबिंदू सरकवणारी ट्रान्समीटरची सेटिंग) काढा. सबट्रिम फार मोठा लागत असेल तर आर्म एक दात चुकीच्या जागी आहे.

वीज कुठे गळते

पंखाच्या टोकाकडचा सर्व्हो मंद वाटत असेल तर एक्स्टेन्शनची तार बघा. जाताना आणि येताना मिळून १ मीटरच्या एक्स्टेन्शनमध्ये २ मीटर तार असते. २६ एडब्ल्यूजीच्या (तारेच्या जाडीचं माप, आकडा मोठा तितकी तार बारीक) तारेत ४ अँपिअर गेले तर साधारण १ व्होल्ट वाटेतच संपतो. २२ एडब्ल्यूजीमध्ये ०.४ व्होल्ट. ७.४ व्होल्टच्या बॅटरीतला १ व्होल्ट गेला म्हणजे सर्व्होचा जोर जवळपास सातव्या हिश्श्याने उतरला. मल्टिमीटर सर्व्होच्या टोकाला लावून, सरफेस हाताने अडवून, व्होल्टेज किती खाली जातं ते बघा. रिसिव्हरच्या टोकाला मोजलेला आकडा इथे उपयोगाचा नाही.

एका सरफेसवर दोन सर्व्हो

रडर (शेपटीवरची उभी हलणारी फळी) किंवा लांब एलेरॉनवर दोन सर्व्हो असतील तर ते एकमेकांशी भांडतायत का हे तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका. एकाची बॉल लिंक सोडवा. स्टिक मध्यावर, मग पूर्ण एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला ठेवून सोडवलेली लिंक भोकावर जोर न लावता बसते का बघा. तिन्ही ठिकाणी बसली पाहिजे. फक्त मध्यावर जुळवून सोडून दिलेली जोडी टोकाला झगडते, बॅटरी खाते आणि एकाचे गिअर घासते. अँमीटर असेल तर अजून सोपं: सरफेसवर भार नसताना करंट वाढलेला दिसला की भांडण चालू आहे. प्रोग्रॅम करता येणारे सर्व्हो किंवा सर्व्हो जुळवणारं उपकरण वापरून मध्य आणि दोन्ही टोकं वेगवेगळी जुळवा. त्याआधी दोन्ही आर्मची आणि हॉर्नची लांबी सारखी आहे ना, हे मोजून घ्या. लांबीतला फरक इलेक्ट्रॉनिक्सने भरून काढू नये.

रडरला पुल-पुल (दोन्ही बाजूंनी ओढणाऱ्या) तारा असतील तर आर्म आणि हॉर्न सारख्या रुंदीचे, समांतर आणि भोकं दोन्हीकडे अक्षाच्या रेषेत ठेवा. मग तारा सगळ्या हालचालीत सारख्याच ताणलेल्या राहतात. तारा वीणेसारख्या आवळल्या की सर्व्होच्या वरच्या बेअरिंगवर सतत भार येतो. लोंबणार नाहीत इतका ताण पुरे.

भर्रर्र आवाज आला तर

वेगात असताना पंखातून अचानक मोठा भर्रर्र आवाज आला तर तो फ्लटर, म्हणजे सरफेसचं हवेत अनावर थरथरणं, आहे. थ्रॉटल लगेच खाली, नाक हळूच वर, आणि उतरवा. पुन्हा "एकदा बघू" म्हणून झेपावू नका. दुसऱ्या खेपेला एलेरॉन पंखावर राहीलच असं नाही. गिअर वारंवार तुटणाऱ्या पंखात बहुतेक वेळा हेच होत असतं, फक्त इंजिनच्या आवाजात क्षणभराचा फ्लटर ऐकू येत नाही. गिअर तुटले म्हणून फ्लटर आला असं समजून लोक सर्व्हो बदलतात. प्रत्यक्षात आधी ढिलेपणा, त्यातून फ्लटर, त्यात गिअरचे दात जातात. नव्या सर्व्होसमोर तोच ढिलेपणा तसाच उभा असतो.

फ्लटर झाल्यावर बिजागऱ्या ओढून बघा, हॉर्नच्या मुळाशी भेगा शोधा, एलेरॉनच्या आतल्या रिब्स दाबून ऐका. सरफेस हातात धरून पिळून बघा. सहज पिळत असेल तर लिंकेज कितीही घट्ट केलं तरी उपयोग नाही. मागची कड जड असणं फ्लटरला आमंत्रण आहे, म्हणून दुरुस्तीत मागे इपॉक्सी आणि रंगाचे थर चढवू नका.

आता सर्व्होची पाळी

इतकं सगळं करून ढिलेपणा आर्म आणि दांड्यामध्येच सापडला तर आधी स्प्लाइन बघा. फुताबा कंपनीची स्प्लाइन २५ दातांची, हायटेकची पारंपरिक २४ ची, जेआरची २३ ची. दुसऱ्या जातीचा प्लास्टिक आर्म दाबून बसवता येतो आणि बसल्यासारखा वाटतो, पण दात अर्धवट कुरतडले जातात. मोठ्या मॉडेलला चिमट्यासारखा आवळता येणारा अॅल्युमिनियमचा आर्म घ्या. मधला स्क्रू धातूच्या दांड्यात जात असेल तर त्याला निळं थ्रेडलॉक (स्क्रू सैल होऊ न देणारं द्रव) लावा. प्लास्टिकवर ते सांडू देऊ नका, काही प्लास्टिक त्याने तडकतात.

पोटेन्शिओमीटरवाल्या सर्व्होत मध्यबिंदूच्या आसपासचा पट्टा आधी झिजतो, कारण उड्डाणाचा बहुतेक वेळ सर्व्हो तिथेच उभा असतो आणि थरथराट त्याला तिथल्या तिथे घासत राहतो. लक्षण ओळखू येण्यासारखं असतं: मध्यावर फडफड, स्टिक थोडी हलवली की एकदम शांत. दुसऱ्या चॅनलवर, दुसऱ्या तारेने लावूनही तसंच झालं तर तो सर्व्हो गेला.

गिअरचा संच बदलायचा असेल तर जुने गिअर काढल्यावर मधल्या गिअरची पिन पेटीच्या भोकात डुलते का बघा. ते भोक लांबट झालं असेल तर नवे गिअरही पहिल्या दिवसापासून ढिलेच बसतील. अशा पेटीवर नव्या संचाचा खर्च करू नका. भोक ठीक असेल तर ग्रीस लावून संच बदला, आणि पहिल्या उड्डाणाआधी मागची कड पुन्हा दोन बोटांत धरून बघा.